स्टॅबिलायझरवाली नवी झूम: आधी भिंतीवर, मग बाहेर

स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी यंत्रणा) असलेली नवी स्टँडर्ड झूम लेन्स कॅमेऱ्याला लावली की लगेच फुलं-पानं टिपत सुटू नका. वर्तमानपत्राचं एक पान भिंतीवर सपाट चिकटवा.

झूम ५० मिलिमीटरवर. हातात धरून काढायच्या फोटोंसाठी शटर याहून हळू नको, असा जुना ठोकताळा: फुल फ्रेमला (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर) १/५० सेकंद, १.५ क्रॉपला (त्याहून दीडपट लहान सेन्सर) साधारण १/८०. १/६०, १/३०, १/१५, १/८, १/४ असं उतरत प्रत्येक वेगाला दहा फ्रेम घ्या. एकदा स्टॅबिलायझर चालू, एकदा बंद. शंभर टक्के मोठं करून बारीक टाइपातले काना-मात्रा दुहेरी दिसतात का पाहा. नशिबाने जमलेली एखादी १/४ ची फ्रेम धरायची नाही. बंद असताना १/६० ला जितक्या धड येतात, तितक्याच चालू असताना १/८ ला आल्या, तर तीन स्टॉपचा फायदा (एक स्टॉप म्हणजे शटरची वेळ दुप्पट).

बटण एका दमात दाबलं की फसतं. अर्धं दाबा, चित्र स्थिरावू द्या, मग पूर्ण. पळणारं मूल मात्र १/८ ला पुसटच येणार. स्टॅबिलायझर तुमचा हात सावरतो, त्याचे पाय नाही!

आता लेन्सचे कोपरे तपासायला ट्रायपॉड, स्टॅबिलायझर बंद, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) पूर्ण उघडं, दोन सेकंदांचा टायमर. फोकस मध्यावर. एकच कोपरा मऊ, म्हणजे पुसट, आला तर कॅमेरा उलटा करून पुन्हा घ्या. पानाचा तोच कोपरा मऊ राहिला तर कॅमेरा भिंतीला समांतर नव्हता. मऊपणा तिरक्या समोरच्या कोपऱ्यात गेला तर बहुधा लेन्सच बदलून मागावी लागेल.