कोठीघर आधी, ओटा मागून

अमळनेरला सखाराम महाराजांची यात्रा भरली आहे. एकादशीचा रथ झाला, आता पौर्णिमेची पालखी होईपर्यंत आमचे आबा मिस्तरी थापीला हात लावणार नाहीत. त्यामुळे सहा महिन्यांत पहिल्यांदा घर शांत आहे आणि घराच्या दुरुस्तीची साठलेली नोंद लिहायला सवड मिळाली आहे.

घर अमळनेरच्या जुन्या वस्तीतलं, धाब्याचं म्हणजे मातीच्या सपाट छताचं, ९ खणांचं. दिवाळीनंतर ताबा मिळाला. पुढची ओसरी, माजघर, देवघर राहण्याजोगं आहे, तिथे वर्षभर काही करायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं. काम मागच्या ३ खणांचं. त्यात २ खणांचं स्वयंपाकघर आणि त्याला लागून १ खणाचं कोठीघर. या नादाला नव्याने लागलेल्यांसाठी सांगते, दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे खण, आमच्याकडे तो ५ फुटांचा. म्हणजे स्वयंपाकघर १० बाय १२ आणि कोठीघर ५ बाय १२. भिंती पांढऱ्या मातीच्या, २ फूट जाड. वर सागाच्या तुळया, त्यांच्यावर कड्या म्हणजे आडवी बारीक लाकडं, कड्यांवर किलच म्हणजे लाकडी पट्ट्या, मग पाला आणि माती.

सुरुवातीला माझ्या डोक्यात ओटाच होता. एका ठेकेदाराने तीन आठवड्यांत सगळं करून देतो म्हणून सांगितलं होतं. जुन्या टाइलांवरच नव्या टाइला, खाली प्लायवूडची कपाटं, वर पीओपी. चित्रात छान दिसत होतं. त्याच आठवड्यात आबा आले. त्यांनी ओट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ कोठीघरात गेले, मागच्या भिंतीवर तळहात टेकवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि म्हणाले, “हाई भीत वली शे, ताई.” म्हणजे ही भिंत ओली आहे.

मला वाटलं होतं, बंद घराचा तो कुबट वास आहे, खिडक्या उघडल्या की जाईल. मग आम्ही एक परीक्षा केली, ती प्रत्येकाने करावी अशी आहे. फूटभर लांबरुंद प्लॅस्टिकचा स्वच्छ कागद भिंतीवर चारी कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवायचा आणि रात्रभर सोडायचा. बाहेरच्या बाजूने दव धरलं तर दमटपणा खोलीच्या हवेत आहे. आतून थेंब आले तर पाणी भिंतीत आहे. सकाळी कागद काढला तर आतून असा घामेजलेला, की खालच्या पट्टीवर पाण्याची बारीक रेघ जमली होती. त्या रेघेने ओट्याचं चित्र बाजूला ठेवायला लावलं.

डिसेंबर पाणी शोधण्यात गेला. मागच्या पिढीत कुणीतरी मातीच्या भिंतीला जमिनीपासून ४ फुटांपर्यंत सिमेंटचं प्लॅस्टर करून वर टाइला लावल्या होत्या. हेतू चांगलाच असणार, भिंत धुता यावी. पण मातीची भिंत श्वास घेते. खालून चढलेली ओल ती दोन्ही अंगांनी हवेत सोडत असते. सिमेंटने एक अंग बंद केलं की पाणी वाट शोधत आणखी वर चढतं. टाइल काढताना प्लॅस्टरचा पापुद्राच्या पापुद्रा सुटून आला आणि मागची माती शिऱ्यासारखी मऊ लागली. ४ फुटांच्या वर, जिथे सिमेंट संपत होतं, तिथे भिंतभर पांढरा लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर आलेला क्षार, फुटलेला. बोटाने झटकला की मिठासारखा खाली पडायचा.

पाण्याचं मूळ भिंतीपलीकडच्या मोरीत निघालं. मोरीतून जाणारा चिनी मातीचा जुना नळ भिंतीच्या पायथ्याशी सांध्यात उघडा पडला होता. रोजच्या आंघोळीचं थोडं थोडं पाणी किती वर्षं कोठीघराच्या पायात मुरत होतं कोण जाणे. नळ बदलला. नवा ४ इंची पाइप भिंतीपासून दीड फूट लांबून नेला आणि दर ४० फुटांना १ फूट उतार धरला. एवढं करायला दोन दिवस लागले. भिंत वाळायला जवळजवळ तीन महिने. या काळात विचारणारे पुष्कळ होते, काम कुठवर आलं म्हणून. सांगण्यासारखं काहीच नव्हतं. दर रविवारी प्लॅस्टिकचा कागद लावायचा, सोमवारी सकाळी बघायचा, भिंतीवर पेन्सिलीने तारीख टाकायची. त्या तारखा मी अजून पुसल्या नाहीत.

भिंत वाळेपर्यंत आम्ही छताकडे वळलो. धाब्यावर दर उन्हाळ्यात खारी मातीचा नवा थर देतात, आणि जुना थर कोणी काढत नाही. आमच्या स्वयंपाकघरावर खणून पाहिलं तर १४ इंच माती! नीट पाणी अडवायला ६ इंच पुरे. हिशोब केला तेव्हा धडकी भरली. वरची ८ इंच माती, १५ बाय १२ फुटांवर, म्हणजे कोरडी असतानाच ५ टनांच्या आसपास वजन, आणि पावसाळ्यात ती पाणी पिणार. मधली तुळई वाकली होती ती काही उगाच नाही. माती घमेल्याघमेल्याने उतरवली, घाईने एका बाजूची आधी आणि दुसरीची मागून अशी नाही, तर दोन्ही बाजूंनी सारखी. कमी झालेल्या वजनाने तुळई दोन बोटं वर आली. तिचं भिंतीतलं एक टोक मात्र ९ इंच कुजलेलं होतं, नेमकं त्याच ओल्या भिंतीत. खाली टेकू देऊन सुतारभाऊंनी कुजका भाग कापला, जुन्या सागाचाच तुकडा खाच पाडून जोडला आणि टोकाखाली दगडाची घोडी बसवली. बाकी सगळं लाकूड ठणठणीत. रंधा मारला तेव्हा त्यातून सागाचा वास आला, आम्ही सगळे दोन मिनिटं काम थांबवून उभे होतो.

माळ्यावर एक डबा सापडला. गंजलेला, सनफ्लॉवर वनस्पतीचा. वनस्पती तुपाचा हा डबा याच गावात भरला गेलेला. २९ डिसेंबर १९४५ ला इथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स सुरू झाली, तीच पुढे विप्रो झाली. अमळनेरच्या लोकांना हे सांगावं लागत नाही, पण त्या कंपनीचा डबा आपल्याच किलचाखाली सापडणं वेगळं. घासून, आतून कागद लावून तो आता कोठीघरात पापडांसाठी ठेवला आहे.

फेब्रुवारीत चुना. यावर मला सविस्तर लिहायचं आहे, कारण सिमेंट न वापरता भिंत करता येते यावर माझाच विश्वास नव्हता. कळीचा चुना ढेकळांनीच आणला, पोत्यातली पूड नाही. परसात टाकीत पाणी आधी भरलं आणि त्यात ढेकळं सोडली. पाणी खदखदून उकळलं. या वेळी जवळ जाऊन बघायचा मोह आवरा आणि डोळ्यांवर चष्मा लावा, चुना डोळ्यात उडाला तर फार वाईट इजा होते. विरलेला चुना जाळीतून गाळला आणि वर चार बोटं पाणी ठेवून ३ आठवडे मुरवला. मुरलेला चुना काढला तेव्हा थेट लोण्यासारखा, थापीला चिकटून राहणारा.

भिंतीच्या खालच्या ३ फुटांना १ भाग चुना, १ भाग सुरखी, २ भाग वाळू. सुरखी म्हणजे भाजक्या विटांची पूड. नुसता चुना हवेतला कर्बवायू घेऊन सावकाश घट्ट होतो, दमट जागी त्याला फार वेळ लागतो. सुरखी घातली की ओलीतही तो धरतो. आबांनी गुळाचं पाणीही घातलं, त्यांचे वडील घालत म्हणून. वरच्या भागाला पांढरी माती आणि गव्हाचा भुसा कालवून १२ दिवस कुजवलेला गिलावा. त्या १२ दिवसांत परसात नाक धरून जावं लागत होतं. पण गिलावा वाळल्यावर वास पूर्ण गेला आणि एकही भेग पडली नाही. त्यावर चुन्याचे तीन हात, पातळ, ताकाइतके.

विजेच्या तारांसाठी मातीच्या भिंतीत खाचा पाडायच्या नाहीत हे आधीच ठरलं होतं. सगळं वरून, पाइपातून, तुळईच्या कडेने. मिक्सर, फ्रीज आणि ओव्हनसाठी १६ अँपिअरचे तीन पॉइंट, आणि अर्थिंग नव्याने.

कोठीघराची जमीन एक फूट खणली. तळाला ६ इंच मोठी खडी, कारण खडीच्या फटींतून ओल वर चढू शकत नाही. त्यावर चुन्याचा कोबा आणि मग शहाबादी. मग बळदांचा प्रश्न आला. मागच्या भिंतीत दोन बळदं होती. वरून धान्य ओतायचं, खाली बुंध्याशी लाकडी बुच. ओल लागलेलं बळद आतून पोखरलं होतं, घुशीने बीळ केलं होतं, ते बुजवावंच लागलं. दुसरं कोरडं आणि धड होतं. पत्र्याच्या कोठ्या असताना बळद कशाला, जागा मोकळी करा, असं घरातल्यांचंसुद्धा म्हणणं पडलं. आत्याबाई म्हणाल्या, “त्याला राहू दे. माझ्या माहेरी बळदाचं बुच काढलं की दादर पायावर यायची.” राहू दिलं. आतून शेणामातीने सारवून चुना दिला आहे. दादर ज्वारी त्यात, गहू पत्र्याच्या कोठीत.

आता ओटा. यात आमची एक युक्ती उपयोगी पडली. कडप्पा कापून आणायच्या आधी आठ दिवस विटांवर फळी ठेवून खोटा ओटा केला आणि त्यावर खरा स्वयंपाक केला. माझी उंची ५ फूट १ इंच. बाजारात सांगतात ती ३३ इंचाची उंची भाजी चिरायला ठीक. पण कळण्याची भाकरी थापताना खांदे वर उचलले जायचे. ज्वारी-उडदाचं पीठ जोर लावून मळावं लागतं, हात वरून खाली यायला हवा. विटा काढत काढत २८ इंचांवर आलो तेव्हा परातीत हात नीट बसला. म्हणून ओटा एकसलग नाही. शेगडी आणि चिरण्याचा भाग ३२ इंच, धुण्याचं भांडं ३४, आणि खिडकीखालचे अडीच फूट २८ इंचांवर, फक्त परातीसाठी. बघणाऱ्याला ती पायरी खटकते. माझी पाठ दुखायची थांबली आहे.

शेगडीच्या वर जुनं साणं होतं, धूर आणि उजेडासाठी ठेवलेलं भोक, पत्र्याने बंद केलेलं. पत्रा काढला, बारीक जाळी आणि तिच्यावर ९ इंचांवर काचेची टोपी बसवली. गरम हवा वर जाते आणि तिथून निघते. सकाळी दहाला उन्हाचा एक चौकोन बरोबर परातीवर पडतो. चिमणी अजून घेतली नाही, लागेल असं वाटत नाही, पण पावसाळा जाऊ दे.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात धान्य भरलं. २ क्विंटल गहू, १ क्विंटल दादर, तूर, उडीद. गहू तीन उन्हं दिलेला. दाताखाली कट्ट वाजला तरच कोठीत, चेपला तर परत अंगणात. दाण्यात १२ टक्क्यांहून जास्त पाणी राहिलं की कीड धरते, आणि आपल्याकडचा हा दाताचा अंदाज बरोबर तेच सांगतो. तळाला आणि मध्ये कडुलिंबाचा वाळवलेला पाला. तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात. कोठ्या जमिनीवर टेकवल्या नाहीत, ६ इंचांच्या दगडी ठोकळ्यांवर ठेवल्या, म्हणजे खालून झाडू फिरतो आणि उंदीर दिसतो.

त्याच दिवसांत बाहेर ४४ अंश होतं. दुपारी तीनला स्वयंपाकघरात ३५, कोठीघरात ३३. माझ्या जळगावच्या जुन्या फ्लॅटमध्ये याच महिन्यात ओट्याचा कडप्पासुद्धा तापायचा.

३० एप्रिलला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. घागर भरली, आणि परसातल्या चुलीवर खापर पालथं घातलं. ते मुद्दाम बाहेर ठेवलं आहे, खापराच्या आचेला आणि लांबलचक मांड्याला, म्हणजे खापरावरच्या पुरणपोळीला, घरात जागा अपुरीच पडते. आत्याबाईंनी हातावर पोळी फिरवत फिरवत कोपरापर्यंत नेली आणि खापरावर सोडली. मी तशी दुसरी केली, ती एका बाजूने फाटली. तिसरी जमली. पुरणाची डाळ नव्या ओट्यावर शिजली होती, गहू कोठीतला होता. आबा आणि सुतारभाऊ जेवायला होते. आबांनी जेवण झाल्यावर हात धुतला, कोठीघरात गेले आणि पुन्हा त्याच भिंतीवर तळहात टेकवला. काही बोलले नाहीत, मान हलवली.

राहिलेलं काम बरंच आहे. फडताळाच्या झडपा व्हायच्या आहेत, जुन्याच बिजागऱ्या साफ करून लावायच्या. शिंकाळ्यासाठी तुळईला लोखंडी कड्या ठोकायच्या आहेत. धाब्यावर पावसाआधी खारीचा एक थर, आणि या वेळी जुना खरवडूनच. आणि कोठीघराचा मोरीकडचा कोपरा. तिथे खालची ४ इंच पट्टी अजून बाकीच्या भिंतीपेक्षा काळसर दिसते. आबा म्हणतात चुना अजून पिकतो आहे. मला खात्री नाही, म्हणून त्या कोपऱ्यापासून दीड फुटात एकही कोठी ठेवलेली नाही. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की तिथे परत प्लॅस्टिकचा कागद लावेन आणि सकाळी काय दिसतं ते इथे लिहीन.