बडोद्यात इको (हृदयाची सोनोग्राफी) शिकले, त्याचा अनुभव

बारावीला बायोलॉजी होती, एमबीबीएसला नंबर लागणार नाही हे नीटचा निकाल बघून कळलंच होतं. घरी सगळ्यांचं एकच, नर्सिंग कर नाहीतर फार्मसी. कार्डियाक टेक्नॉलॉजीत बीएस्सी करता येतं हे आमच्या दांडिया बाजारात तरी कोणाला ठाऊक नव्हतं, मला एका आतेबहिणीकडून कळलं. तीन वर्षं कॉलेज आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. ईसीजी, टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून काढलेला ईसीजी), होल्टर (दिवसभराचा ईसीजी), कॅथ लॅब (अँजिओग्राफी करतात ती जागा) सगळं शिकवतात, पण मला इकोच आवडला, कारण आवाजाच्या लहरींमुळे छाती न उघडता हलतं हृदय समोर दिसतं आणि ते नीट दिसणं आपल्या हातावर असतं.

पहिल्या वर्षी फिजिक्सने सगळ्यांचा घाम काढला. मुली म्हणायच्या हे कशाला, मशीन सगळं मोजतं की. नाही मोजत! डॉपलरचा (इकोतली रक्ताचा वेग मोजायची पद्धत) बीम, म्हणजे आवाजाचा झोत, रक्ताच्या धारेला समांतर असेल तरच वेग खरा येतो, 60 अंशाचा कोन झाला तर मशीन निम्माच वेग दाखवतं. आणि प्रेशरचा फरक काढताना त्या वेगाचा वर्ग करून चारने गुणायचं असतं, म्हणजे छोटी गडबड मोठी होऊन बाहेर येते. एओर्टिक व्हॉल्व्हवर (हृदयातून शरीराकडे रक्त जातं तिथली झडप) सेकंदाला 4 मीटर वेग आला तर 64 मिमी पारा, म्हणजे झडप सिव्हिअर अरुंद. त्याच पेशंटला तिरक्या बीममुळे 3 मीटर मिळाला तर 36, म्हणजे मॉडरेट, आणि ऑपरेशनची गरज असलेला माणूस औषधं घेऊन घरी जाणार. म्हणून एकाच जागेवरून समाधान मानायचं नाही, उजव्या बाजूने पण बघायचं, हे आमच्या मॅडमनी डोक्यात पक्कं बसवलं.

खरी अडचण वेगळीच. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी इको कार्डियोलॉजिस्ट स्वतः करतात, शिकाऊ मुलं मागे उभी राहून स्क्रीन बघतात. बघून हात बसत नाही हो. मी सरांना सरळ विचारलं की ओपीडी संपल्यावर आम्ही एकमेकींवर प्रॅक्टिस करू का, ते हो म्हणाले. डाव्या कुशीवर झोपायचं, डावा हात डोक्याखाली, तिसऱ्या-चौथ्या बरगडीच्या फटीत प्रोब (मशीनचं हातात धरायचं टोक), त्यावरची मार्करची खूण उजव्या खांद्याकडे, की लाँग ॲक्सिस, म्हणजे हृदयाचा उभा छेद. तिथेच घड्याळाच्या दिशेने 90 अंश फिरवला की शॉर्ट ॲक्सिस, म्हणजे आडवा छेद. वाचायला सोपं आहे. बरगडी आणि फुप्फुसातली हवा दोन्ही आवाज अडवतात, त्यामुळे बारीक मैत्रिणीवर सुंदर दिसणारं हृदय दम्याच्या आजोबांवर दिसतच नाही, मग गुडघे दुमडायला सांगून पोटाच्या बाजूने, छातीच्या हाडाखालून वर बघावं लागतं.

भाषेचं म्हणाल तर घरी मराठी, पण इको रूममध्ये दिवसभर गुजराती. "डाबे पडखे फरी जाओ, श्वास बहार काढीने रोको" (डाव्या कुशीवर वळा, श्वास बाहेर सोडून रोखा). बायका येतात तेव्हा लेडी टेक्निशियन आहे म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडतो. चादर नीट अंगावर, लागेल तेवढीच बाजू उघडी, याच्याकडे मी फार लक्ष देते.

एक तरुण बाई आली होती, दम लागतो म्हणून. मायट्रल व्हॉल्व्हचं (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप) पुढचं पान हॉकी स्टिकसारखं वाकलेलं, लहानपणच्या संधिवाती तापाने झालेलं. निरोगी व्हॉल्व्ह 4 ते 6 चौरस सेंटीमीटर उघडतो, तिचा दीडच्या पण खाली होता. आणि ती माझ्या तोंडाकडे बघून विचारतेय, बेन, बधु बराबर छे ने (ताई, सगळं ठीक आहे ना)? रिझल्ट सांगायचा हक्क डॉक्टरांचा, आपण खोटा दिलासा पण द्यायचा नाही आणि चेहरा पण पाडायचा नाही, हे कोणत्याच पेपरात येत नाही. मी म्हटलं, साहेब हमणां ज समजावशे (साहेब आत्ताच समजावतील), आणि त्यांना लगेच बोलावून आणलं.

आता जॉब आहे, शिवाय अमेरिकेच्या आरडीसीएसचा (हृदयाच्या सोनोग्राफीचं सर्टिफिकेट) अभ्यास चालू आहे, त्यात परत फिजिक्सचा वेगळा पेपर आहेच! ज्यांना या लाइनला यायचंय त्यांनी ॲडमिशन घेण्याआधी कॉलेजला, फी विचारायच्याही आधी, हे विचारा की स्वतःचं हॉस्पिटल आहे का, रोज किती इको होतात आणि इंटर्नच्या हातात प्रोब देतात की नाही. शक्य असेल तर तिथल्याच इंटर्नना गाठून विचारा.