‘येते’ म्हणायची सवय

सोमवार, रात्री

बालवाडी सुरू व्हायला बरोबर तीन आठवडे उरलेत. लेक झोपल्यावर तिची नवी बॅग मांडीवर घेऊन बसले. बॅग एवढीशीच, पण तिच्या पाठीवर चढवली की पार गुडघ्यापर्यंत लोंबते. पावणेतीन वर्षांचं माझं माणूस.

आज मनात बॅगेचा विचार नाही, मागच्या बुधवारचा आहे. तिला आजीपाशी ठेवून मला बाहेर जायचं होतं. ती ठोकळ्यांत रमलेली होती. सांगितलं असतं तर रडली असती, म्हणून मी चपला हातात घेऊन हळूच निसटले. परत आले तेव्हा आई म्हणाली, “रडली नाही गं. पण तुला शोधत सगळ्या खोल्या फिरली. कपाटाचं दारसुद्धा उघडून बघितलं.”

कपाटाचं दार. तेव्हापासून ते डोळ्यांसमोरून हलत नाही. ती तेव्हा रडली नाही, पण नंतरचे चार दिवस माझी पाठ सोडली नाही. मी बाथरूममध्ये गेले की बाहेर बसून राहायची आणि दाराखालच्या फटीतून बोटं आत सरकवायची. चार बोटं, आणि “आई, आहेस?”

न सांगता गेलं की मूल शांत राहतं, असं आपल्याला वाटतं. ते शांत राहत नाही, पहाऱ्याला बसतं. आई नजरेआड झाली तरी कुठेतरी आहे, ही समज साधारण आठव्या महिन्याच्या आसपास पक्की व्हायला लागते आणि आई गेल्याची धास्तीही तेव्हाच सुरू होते. बहुतेक मुलांत ती दहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान सर्वांत जास्त असते आणि तीन वर्षांपर्यंत हळूहळू ओसरते. पण नवी जागा, नवी माणसं आली की पुन्हा उफाळते. म्हणजे ओसरत आलेली भीती मी माझ्या हातांनी परत जागी केली.

ठरवलं, यापुढे तिला न सांगता उंबरठा ओलांडायचा नाही. रडली तरी चालेल.

शुक्रवार

रोज एकदा सांगून बाहेर जाते. पहिल्या दिवशी पाच मिनिटं, मग पंधरा, आज अर्धा तास. निघताना एक पापा, एक टाळी आणि “येते हं”. मग मागे वळायचं नाही. हे शेवटचं सगळ्यांत अवघड आहे. दारात रेंगाळलं की तिच्या चेहऱ्यावर आशा दिसते, आणि ती मोडून जाणं हे सरळ जाण्यापेक्षा वाईट.

आज तिने मला अडवलं. “तू येते म्हणतेस आणि जातेस.”

मी उंबऱ्यातच थबकले. लहानपणापासून कानावर आहे, ‘जाते’ म्हणू नये, ‘येते’ म्हणावं. मीही आयुष्यभर तसंच म्हणत आले. पण पावणेतीन वर्षांच्या कानांना तो शब्द जसा आहे तसाच ऐकू येतो. येते म्हणणारी आई दूर चाललेली दिसते. खाली बसून तिला सांगितलं, “येते म्हणजे परत येते. आत्ता जाते आणि परत येते.” तिने ते दोनदा म्हणून पाहिलं. आता आमच्याकडे नुसतं ‘येते’ चालत नाही, ‘परत येते’ म्हणावं लागतं.

रविवार

मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी १९७०च्या सुमारास वर्ष-दीड वर्षाच्या मुलांवर केलेलं काम पुन्हा वाचलं. अनोळखी खोलीत आई मुलाला थोडा वेळ सोडून जाते आणि परत येते, एवढाच तो प्रयोग. त्यात आई जाताना मूल किती रडलं यापेक्षा ती परतल्यावर ते तिला कसं भेटलं, यावरून दोघांच्या नात्याचा अंदाज बांधला होता. रडून झाल्यावर आईला बिलगून शांत होणारं आणि परत खेळायला वळणारं मूल सुरक्षित मानलं गेलं.

मी मात्र सगळा जीव ‘जाताना रडेल का’ यात अडकवून बसले होते. परत आल्यावर फोन बाजूला ठेवून पाच मिनिटं तिला मांडीवर घ्यायचं, एवढं आजपासून सुरू केलं.

बुधवार

दुपारी एक यादी केली आणि करता करता डोळे भरून आले. यादी तिच्या शब्दांची. ‘उकू’ म्हणजे उघडून दे. ‘गुगू’ म्हणजे पाण्याची बाटली. ‘पाय रडतो’ म्हणजे पायाला मुंग्या आल्यात. शू लागली की ती बोलत नाही, एका जागी उभी राहून फ्रॉकचं टोक पिळते. हे मला कळतं, तिच्या बाबांना कळतं, आजीला कळतं. टीचरना कसं कळणार? तिची भाषा येणारी तीनच माणसं जगात आहेत आणि त्यांतलं एकही त्या वर्गात नसेल. हा कागद पहिल्या दिवशी टीचरच्या हातात द्यायचा. ‘शू आली’ एवढं मात्र नीट बोलून सांगायचं, हे रोज शिकवतेय.

बाकीची तयारी सोपी आहे. बटणांची चड्डी बंद, इलॅस्टिकची सुरू. एक स्टिकर मधोमध कापून दोन्ही बुटांत आतून चिकटवलं. चित्र जुळलं की बूट बरोबर. आज तिने ते स्वतः जुळवलं. डब्याचं झाकण अजून उघडत नाही, दुसरा सैल झाकणाचा डबा बघायला हवा. झोपायची वेळ दर दोन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे ओढतेय. तीन वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दहा ते तेरा तास झोप लागते, आणि सकाळी उठवून ओढत नेलेलं मूल दारात रडणारच.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. भेटायला आलेल्या एकीने लाडाने तिला म्हटलं, “आता शाळेत गेलीस ना, की टीचर बघ कशा सरळ करतात!” लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी तिथल्या तिथे म्हटलं, “नाही, टीचर मदत करतात.” पाहुणीला आवडलं नसेल. पण जिच्या भरवशावर मी मूल सोडणार, तिचीच भीती मुलाला घालायची?

रविवार, उद्या पहिला दिवस

परवा वर्ग पाहून आलो. रिकामा होता. तिने तिच्या उंचीचा नळ चार वेळा सोडला आणि बंद केला. ‘दोन तासांनी’ हे तिला कळत नाही, म्हणून तिथेच उभं राहून क्रम सांगितला. आधी गाणी, मग खेळ, मग डबा, मग बाहेरचा झोका आणि झोक्यानंतर आई. घरी येईपर्यंत ती बोटांवर तेच मोजत होती.

माझ्या जुन्या ओढणीचं टोक धरून ती झोपते. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५१ साली अशा वस्तूंविषयी मांडणी केली, की आई आणि बाहेरचं जग यांच्यामधला तो मुलाचा पूल असतो. संध्याकाळी त्या टोकाचा तळहाताएवढा तुकडा कापून बॅगेच्या आतल्या कप्प्यात टाक्यांनी शिवला. हात घातला की लागेल.

मी शिवत होते तेव्हा ती कपाटापाशी बसली होती. सशाला आत ठेवलं, पापा घेतला, टाळी दिली. “परत येते हं.” दार लावलं. थोडा वेळ दाराला कान लावून थांबली, मग उघडलं आणि सशाला उचलून मांडीवर घेतलं. पुन्हा आत ठेवलं. किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. माझा दोरा संपला तरी चालूच होतं.