आमची वाटचाल: आधी टक्का, मग माप

वाळूज एमआयडीसीत आम्ही सुरुवात केली ती रिकाम्या खोक्यांनी. भाड्याचा गाळा, एक जुनं स्टिचिंग मशीन, चार माणसं. आजूबाजूला बिअर आणि दारूचे कारखाने. त्यांना रोज खोकी लागणार, एवढाच हिशेब. वडील, म्हणजे आमचे दादा, माळकरी. दरसाल नाथषष्ठीला पायी पैठणला जाणारे. पहिली ऑर्डर सांगितली तेव्हा जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "पुठ्ठाच विकतोस ना? वीक मग." पुढे भरलेल्या बाटल्यांचं पॅकिंग आणि निर्यातीचे कागदही आम्ही करू लागलो, ते मात्र त्यांना बरेच दिवस सांगितलं नाही.

कागदांनी आम्हाला लवकरच शिकवलं. एका गिऱ्हाइकाची 42.8 टक्के अल्कोहोलची व्हिस्की आम्ही विमानाने पाठवायचो, 750 मिलीच्या बाटल्यांत. कधी अडचण आली नाही. एकदा परदेशी खरेदीदाराने तोच माल 20 लिटरच्या कॅनमध्ये मागवला. आम्ही जुनेच कागद तारीख बदलून लावले. मुंबईत माल अडकला, आणि चूक सर्वस्वी आमची होती.

नियम असा आहे. 24 टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेलं मद्य धोकादायक माल धरत नाहीत. 24 च्या वर आणि 70 पर्यंत असेल तर ते ज्वलनशील द्रव, वर्ग 3, यूएन 3065 (धोकादायक मालाला संयुक्त राष्ट्रांनी दिलेला क्रमांक), पॅकिंग गट 3, म्हणजे कमी धोक्याचा. सत्तरच्या वर गेलं की गट 2, म्हणजे जास्त धोक्याचा. पण गट 3 ला मापाची सवलत आहे: विमानाने 5 लिटरपर्यंतच्या भांड्यात आणि जहाजाने 250 लिटरपर्यंतच्या भांड्यात असेल तर धोकादायक मालाचे नियम लागू होत नाहीत. म्हणजे व्हिस्की तीच, बाटलीत साधा माल आणि कॅनमध्ये धोकादायक. 200 लिटरचा ड्रम जहाजाने बिनघोर जातो, हजार लिटरची टाकी नाही. दारूचा कच्चा माल असलेलं 96 टक्क्यांचं स्पिरिट तर या खात्यात येतच नाही. ते यूएन 1170.

गंमत म्हणजे सगळ्यात जास्त नुकसान केलं ते बिअरने, जिला यातलं काहीच लागू नाही. ऐन पावसाळ्यात एक कंटेनर न्हावाशेवा बंदरात पाठवला. पोहोचल्यावर तिकडून फोटो आले: खालचे थर बसलेले, खोकी फुगलेली, लेबलं निघालेली. दिवसा कंटेनर तापतो, रात्री गार पडतो आणि छताला घाम सुटतो. ओलसर हवेत पुठ्ठ्याची निम्मी ताकद जाते. त्यात आमच्या पोरांनी खोकी विटांच्या भिंतीसारखी सांधे मोडून रचलेली. भिंतीला ते बरोबर, खोक्याला नाही. खोक्याचा जोर त्याच्या चार कोपऱ्यांत असतो. कोपऱ्यावर कोपरा आला तरच वरचं वजन खाली उतरतं. ते पैसे आम्ही भरून दिले. तेव्हापासून निर्यातीला सात प्लायचं, म्हणजे कागदाच्या सात थरांचं खोकं, थर कमी, आत ओल शोषणाऱ्या पिशव्या, आणि खोक्यांखालचं लाकडी पॅलेट 56 अंशांवर 30 मिनिटं तापवून शिक्का मारलेलंच.

देशातल्या देशात मात्र खरा घोर उत्पादन शुल्क विभागाच्या वाहतूक पासाचा. पासाची मुदत आणि गाडीचा नंबर जुळला नाही तर बाकी सगळं बरोबर असून उपयोग नाही. पिण्याच्या मद्याला जीएसटी नाही, त्यामुळे मालासोबत जीएसटीचं ई-वे बिलही लागत नाही. तरी दर नव्या ट्रान्सपोर्टवाल्याशी त्यावरून अर्धा तास जातो.

आज आम्ही 14 जण आहोत. फोनवर ऑर्डर आली की आमच्या पॅकिंगच्या ताई आधी टक्का विचारतात, मग भांड्याचं माप. दराचं बोलणं नंतर.

दादांना शेवटी कळलंच. एकदा न सांगता गाळ्यावर आले. कंटेनर भरत होता. एका खोक्याचा कोपरा दाबून पाहिला, वर आभाळाकडे बघितलं, "पाऊस लागू देऊ नका" म्हणाले, आणि चहा घेऊन गेले.