नाटक करतात का त्या?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. महिला तुरुंगात समुपदेशनाला जाते म्हटलं की हमखास येणारा प्रश्न: त्या बायका स्वतःला इजा करून घेतात, सामान फोडतात, ते नाटकच ना?

एकीचं उदाहरण देते. ही बाई अधूनमधून ताट आपटायची, अंथरूण फाडायची आणि मग स्वतःच्या अंगावर उठायची. नोंदवहीत दरवेळी एकच शेरा, 'आक्रस्ताळी'. मी फक्त तारखा काढून पाहिल्या. आदला दिवस मुलाकातीचा! तिला भेटायला कुणी येत नसे. तरी ती सकाळीच वेणी घालून बाकावर बसायची आणि हाका यायच्या त्या शेजारणींच्या नावाच्या. पुढं कधीतरी म्हणाली, "दुखलं ना मॅडम, की डोकं जरा गप्प बसतं."

शिवाय यातलं बरंचसं रात्री, पांघरुणाखाली, कुणाला कळू न देता चालतं. बघायला कुणी नसताना कसलं आलंय नाटक? इंग्लंड-वेल्समध्ये तर स्वतःला इजा करण्याचं प्रमाण महिला कैद्यांत पुरुषांच्या कितीतरी पट आहे. आत येणाऱ्या अनेकींच्या मागं लहानपणापासूनची मारहाण, लैंगिक अत्याचार, व्यसन असतं. त्यात मुलं बाहेर राहिलेली. मुलांचा विषय निघाला की भलभल्या कोसळतात.

यावर तुरुंगाचं ठरलेलं औषध म्हणजे शिक्षा: भेटी बंद, नाहीतर एकांतकोठडी. माझ्या मते हे आगीत तेल ओतणं आहे. इंग्लंडमधल्या स्टायल तुरुंगात 2002-03 मध्ये वर्षभरात सहा जणी दगावल्या, तेव्हा कुठं चौकशी बसली. ती करणाऱ्या बॅरोनेस कॉर्स्टन या ब्रिटिश संसद सदस्येनं 2007 च्या अहवालात मोठ्या महिला तुरुंगांऐवजी घराजवळची छोटी केंद्रं सुचवली. त्याआधी कुणाला सुचलं नसेल असं नाही. महिला कैद्यांना कसं वागवावं हे सांगणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या 2010 च्या बँकॉक नियमांनुसार गर्भवती, स्तनदा आणि तान्हं बाळ सोबत असलेल्या स्त्रियांना एकांतकोठडीत टाकता येत नाही. बाकीच्यांना टाकलेलं चालतं, असा अर्थ काढणारेही मला भेटलेत.

त्या बाईसाठी आम्ही फार काही केलं नाही. मुलाकातीच्या दिवशी आता मी तिच्या शेजारी बाकावर बसते आणि दोघी मिळून तिच्या मुलाला पत्र लिहितो. उत्तर अजून आलेलं नाही. ताट परवाही आपटलं. मात्र मी पोचले तेव्हा ती खाली बसून लादी पुसत होती आणि हात दोन्ही धड होते.