आधी हॅच बघायचं

रविवार, अहिल्यानगर

कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये येणाऱ्यांची नजर आधी तोफेवर जाते. साहजिक आहे, नळी सगळ्यात पुढे. पण ज्यानं रणगाड्यात एक उन्हाळा काढलाय तो आधी हॅच बघतो, म्हणजे आत-बाहेर करायचं झाकणाचं तोंड. किती रुंद, कुठे उघडतं, आग लागली तर त्यातून खांदे निघतील का.

म्युझियम 1994 सालचं, जनरल बी. सी. जोशी लष्करप्रमुख असतानाचं. बहुतेक रणगाडे उघड्यावर आहेत, म्हणून सकाळीच जावं. दुपारी चिलखत असं तापतं की हात ठेववत नाही. आत बसणाऱ्याचं काय होत असेल हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

एएमएक्स-13 हा रणगाडा दिसायला चिमुकला. माणसं तीनच, कारण लोडर, म्हणजे तोफेत गोळे भरणारा, नाही. गोळे भरायला टरेटच्या, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या, मागे दोन फिरती ड्रम, प्रत्येकात सहा. म्हणजे बारा गोळे झटपट, आणि तेराव्याला पंचाईत: ड्रम भरायला बाहेर पडावं लागतं, मग गोळीबार चालू असो वा नसो. वजनानं हलका म्हणूनच 1962 मध्ये तो विमानातून लडाखमध्ये चुशूलला नेता आला. शेजारचा पीटी-76 तर पाण्यावर चालणारा. तरंगायचं तर वजन कमी हवं, आणि वजन कमी म्हणजे पत्रा पातळ. असे रणगाडे घेऊन आपली 45 कॅव्हलरी ही रेजिमेंट नोव्हेंबर 1971 मध्ये गरीबपूरला पाकिस्तानच्या चॅफी रणगाड्यांसमोर उभी राहिली होती.

पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यापाशी फोटोची गर्दी असते. सप्टेंबर 1965 मध्ये पंजाबात असल उत्तरला पाणी सोडलेल्या शेतांत हे अवजड धूड रुतलं. तोफ 90 मिमीची, पण ट्रॅकखाली चिखल असला की ती वळवून उपयोग काय! मारा कुठे बसला हे शोधताना मोठं भोक शोधू नये. काही चिलखतभेदी गोळ्यांचा गाभा तोफेच्या तोंडापेक्षा बारीक असतो, भोकही तसंच, आणि जुन्या गाड्यांवर ते रंगाच्या थराखाली बुजलेलं असू शकतं.

आपल्या बाजूनं लढलेल्या सेंच्युरियन रणगाड्यापाशी मात्र पाय थांबतात. तोफ '20 पौंडी', म्हणजे नुसता गोळाच 9 किलोचा, मागे जोडलेल्या पितळी काडतुसाचं वजन वेगळं. लोडर डाव्या बाजूला उभा. गोळा आत ढकलताना मूठ मिटलेली ठेवायची, बोटं पसरायची नाहीत, कारण ब्रीच, म्हणजे तोफेचं मागचं दार, आपोआप बंद होतं आणि बोटांसाठी थांबत नाही. लगेच अंग बाजूला घ्यायचं, नाहीतर मागे येणारी तोफ छातीत बसेल. हे सगळं हलत्या गाडीत, धुरात. वरून वायरलेसही त्याच्याचकडे. नेम धरणारा गनर आणि कमांडर उजवीकडे, पुढे खाली ड्रायव्हर एकटा. काही रणगाड्यांत नळी त्याच्या डोक्यावर येऊन थांबली तर त्याचं झाकण उघडतच नाही. म्हणून गाडी सोडायची वेळ आली की तोफ कुठे वळलेली आहे, हा प्रश्न ड्रायव्हरच्या जिवाचा असतो.

पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल अशाच सेंच्युरियनमध्ये होते. पूना हॉर्स रेजिमेंट, बसंतरची लढाई, 16 डिसेंबर 1971. वय 21, कमिशन मिळून सहा महिने. गाडीला आग लागली, बाहेर पडण्याचा हुकूम आला, त्यांनी कळवलं की तोफ अजून चालू आहे. ऐकणाऱ्याला यात एकट्या अधिकाऱ्याचं धैर्य दिसतं, आणि ते आहेच. पण रणगाड्यातल्या माणसाला 'तोफ चालू आहे' याचा अर्थ आणखी कळतो: गनरचा डोळा अजून साइटला आहे, लोडर अजून मूठ मिटून गोळे ढकलतोय, ड्रायव्हर खाली बसलाय. हुकूम एकाला आला, आगीत चौघं होते. परमवीर चक्र एकाला, आणि आपल्यालाही नाव एकच पाठ. हे खटकतं.

खेत्रपालांचा रणगाडा 'फामागुस्ता' इथेच, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवला आहे.

सेंच्युरियनच्या लोडरचं हॅच दोन पाखांचं. खालून बघताना हात आपोआप स्वतःच्या खांद्यांवर जातात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. निघतील. नुसत्या डांगरीत निघतील. वर जर्सी आणि कोट चढवले तर एक खांदा आधी काढावा लागेल, मग दुसरा.