महेश्वरची नाव : आधी उगवतीला, मग मावळतीला

इंदुरात थंडी पडली की आमच्या घरची सुट्टी ठरलेली : महेश्वर, आणि तिथे नाव. पावसाळ्यातला गढूळ लोंढा ओसरून नर्मदा निवळलेली असते, दुपारच्या उन्हाचाही त्रास होत नाही. महूवरून जाम गेटचा घाट उतरून मंडलेश्वरमार्गे गेलं की दोन-अडीच तासांत घाटावर पोचता येतं. भल्या पहाटे मात्र निघू नये. जाम गेटपाशी धुकं दाट असतं आणि वळणं आंधळी आहेत. नदीवरचं धुकंही ऊन वर आल्याशिवाय हटत नाही, त्यामुळे साडेनऊच्या आधी नावेत बसण्यात अर्थ नाही.

नाव ठरवताना भाड्याच्या आधी नावेचा काठ बघा. सगळे बसल्यावर पाण्यापासून काठ निदान वीतभर वर राहिला पाहिजे. दहा जणांची म्हणून सांगितलेल्या नावेत आम्ही सहाच बसतो. तळाशी पाणी साचलं असेल तर ते उपसायला डबा आहे का, इंजिनाच्या नावेत वल्ही आणि लांब बांबू आहे का, हे विचारा. वल्ही नसतील तर दुसरी नाव. चढताना एकेकाने, पाय काठावर न देता मधोमध टाकायचा. जड माणसं मध्ये, मुलं त्यांच्या शेजारी.

आता मुख्य गोष्ट. नावाडी बहुतेक वेळा आधी खाली, खडकांत नदी फुटते त्या सहस्रधारेकडे न्यायला निघतात, कारण प्रवाहाबरोबर डिझेल कमी जळतं. त्यांना आधीच सांगावं, “दादा, पहले ऊपर चलो, मंडलेश्वर की तरफ.” नर्मदा इथे पूर्वेकडून पश्चिमेला वाहते. वर गेलेली नाव बंद पडली तर प्रवाहच तिला हळूहळू घाटाकडे आणतो. खाली गेलेली बंद पडली तर तोच प्रवाह तिला खडकांकडे नेतो. आणि इंजिन बंद पडतं ते बहुधा नाव ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्यामुळे. नर्मदामाईला वाहिलेल्या चुनऱ्या, हारांचे दोरे, मासेमारीच्या जाळ्यांचे तुकडे पाण्याच्या पातळीखाली तरंगत असतात आणि पंख्याला गुंडाळले जातात. आवाज एकदम जड झाला, नाव थरथरली की इंजिन लगेच थांबवायला सांगा. तसंच रेटलं तर दोरा दांड्यावर आणखी घट्ट बसतो. इंजिन पूर्ण बंद झाल्यावर पंखा वर घेऊन सुरीने कापला की दोरा निघतो. वल्ही लागतात ती याच वेळात.

वर जाताना सकाळचं ऊन डोळ्यांवर येतं. मुलांना पाठमोरं बसवलं की किल्ला दिसतो. महेश्वर उत्तर काठावर असल्याने अहिल्याबाईंच्या घाटांवर हिवाळ्यात दिवसभर दक्षिणेचं ऊन असतं, आणि पायऱ्यांवरची प्रत्येक छत्री, प्रत्येक पिंड नदीतून स्वच्छ दिसते. घाटावर उभं राहून हे कधीच दिसत नाही. पात्राच्या मधोमध बाणेश्वराचं छोटं मंदिर आहे. तिथे फोटोसाठी सगळे एका बाजूला उठतात आणि नाव कलते. बसूनच फोटो काढा, नावाड्याला सावकाश प्रदक्षिणा घालायला सांगा.

लाइफ जॅकेट दिलं म्हणजे झालं नाही. मुलाला घातल्यावर जॅकेटचे दोन्ही खांदे धरून वर ओढा. जॅकेट कानांपर्यंत आलं तर ते पाण्यात डोक्यावरून निसटणार. निमाडात ऊन चढलं की स्वेटर उतरतात, तेव्हा पट्टे पुन्हा आवळायलाच हवेत. जॅकेटवर शाल गुंडाळू नये. भिजलेल्या सुती कपड्यांत वाऱ्याने मूल फार लवकर गारठतं, म्हणून प्रत्येकाचा एक कोरडा जोड, टॉवेल प्लॅस्टिकच्या पिशवीत, सोबत चहाचा थर्मास. दशम्या आणि तिळाची चटणी नावेत सांडत नाही.

पाण्याची पातळी दिवसभर एकसारखी नसते. वर ओंकारेश्वरच्या धरणातून विजेसाठी पाणी सोडतात, ते इथे वाढतं. मधल्या खडकांवर मुलांना उतरवून नाव दूर जाऊ देऊ नका. एप्रिल २००५ मध्ये देवास जिल्ह्यातल्या धाराजीला असंच वरून आलेलं पाणी अमावास्येच्या यात्रेकरूंना घेऊन गेलं. हे प्रत्येक घरातल्या मोठ्यांनी लक्षात ठेवावं.

सहस्रधारेला नदी खडकांतून अनेक धारांत फुटते. तिथे नावेने अगदी जवळ जाण्याचा हट्ट नको. बरंच अलीकडे काठाला लागून पुढे चालत जावं, किंवा सरळ गाडीने. खडक शेवाळलेले असतात, चपलेपेक्षा रबरी तळव्याचे बूट बरे. चारपर्यंत घाटावर परत या. साडेपाचनंतर वारा गार होतो, आणि जाम गेटचा घाट उजेडात चढलेला बरा.